जपानमार्गे आलेली कुडाची भिंत

नागपूरला मी अठरा दिवस होते. धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला धरून चालवायला घरचं माणूस हवं होतं. तेवढ्या अठरा दिवसांत माझ्या नवऱ्यानं माझ्या घराला सिमेंट फासलं.

फासलं हाच शब्द बरोबर आहे. लावलं, चढवलं, करून घेतलं असलं काही मी म्हणणार नाही. भोपाळ स्टेशनवर तो मला घ्यायला आला तेव्हा भलताच खुशीत होता. शहर मागं पडलं, रायसेनच्या रस्त्याला लागलो, तरी गाडीत एकटाच बोलत होता. फाटकापाशी त्यानं गाडी थांबवली आणि घराकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी सोडून गेले होते त्या पिवळट मातीच्या भिंतींच्या जागी मलईच्या रंगाचं, गुळगुळीत, चकचकीत काहीतरी उभं होतं.

"कसं वाटतंय?" तो म्हणाला. "सरप्राइज!"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पस्तीस वर्षांच्या संसारात मी त्याला 'अहो'खेरीज काही म्हटलेलं नाही. त्या दिवशी फाटकात उभी राहून मी ओरडले, "अरे माणसा, हे काय करून ठेवलंस तू?" पलीकडच्या शेतात गव्हाची कापणी चालली होती, ती माणसं विळे थांबवून आमच्याकडे बघायला लागली. बघू देत म्हटलं.

एवढा राग का, हे कळायचं तर हे घर कसं झालं ते सांगायला हवं.

टी. टी. नगरच्या एका सरकारी ऑफिसात मी एकतीस वर्षं नकाशे काढले. पदाचं नाव ड्राफ्ट्समन. बाई असली तरी ड्राफ्ट्समनच. साहेबांनी कागदाच्या कपट्यावर खरडायचं आणि मी ते मापात उतरवायचं. शाळा, विश्रामगृहं, गोदामं, आणि क्वार्टरं तर किती काढली त्याला गणती नाही. संडासाचं दार स्वयंपाकघरासमोर उघडतंय असं दाखवून दिलं तर उत्तर यायचं, "मैडम, टाइप डिज़ाइन है, आप बस ट्रेस कीजिए।" तसल्याच एका टाइप डिझाइनमध्ये, शिवाजी नगरात, मी सत्तावीस वर्षं राहिले. क्वार्टर मला मिळालेलं, माझ्या नोकरीवर. नवरा गोविंदपुऱ्यातल्या एका खासगी कारखान्यात, त्याला क्वार्टरचा हक्कच नव्हता. तरी दारावरची पाटी त्याच्या नावाची. मी तेव्हा काही बोलले नाही, ती माझी चूक. भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तरी तो म्हणायचा, "सोडताना भरून द्यावं लागेल." दर पावसाळ्यात भिंतींना ओल यायची, दर पावसाळ्यात तो जाऊन तक्रारवहीत लिहून यायचा, आणि दिवाळीच्या तोंडावर सरकारी माणूस येऊन ओलीवरच चुना मारून जायचा. ओल म्हणजे सीपेज आणि सीपेजला इलाज म्हणजे सिमेंट, हे त्याच्या डोक्यात तिथंच पक्कं बसलं असणार.

निवृत्तीला दोन वर्षं असताना मी मुलीच्या बाळंतपणाला जपानला गेले. मुलगी आणि जावई दोघंही तिकडे नोकरीला. शेवटच्या महिन्यात जावयाच्या ऑफिसातल्या एका वयस्कर माणसानं आम्हाला त्याच्या गावच्या घरी नेलं. खाली उतरत आलेलं रुंद छप्पर, घराच्या कडेनं लांबच लांब लाकडी ओटा, त्याला ते लोक एंगावा म्हणतात, सरकती दारं, आणि खोलीत सामान म्हणून काही नाही. अगदी काही नाही. मला इतकं हलकं वाटलं! घराची मागची बाजू दुरुस्तीला काढली होती. तिथं भिंतीचा पोपडा उतरवला होता आणि आत बांबूच्या कामट्या दिसत होत्या, दोरीनं बांधलेल्या, त्यांवर काड कालवलेली माती. मी तिथंच उकिडवी बसले. मुलगी घाबरली, तिला वाटलं मला चक्कर आली.

चक्कर कसली! यवतमाळकडच्या खेड्यात मी दहा वर्षांची होईपर्यंत ज्या घरात वाढले, त्याची भिंत हुबेहूब अशी होती. कुडाची भिंत. आई ती लिंपून लिंपून कंटाळायची आणि आम्ही पक्क्या घरात राहायला गेलो तेव्हा "सुटले बाई" म्हणाली होती. आणि इथं हा म्हातारा कमरेत वाकून वाकून तीच भिंत आम्हाला कौतुकानं दाखवत होता. पणजोबांच्या वेळची आहे म्हणाला. आमच्या पणजोबांच्या वेळची भिंत कुठं आहे, असं कुणी मला विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

परतले ती घर ठरवूनच. गावाबाहेर अर्धा एकर जमीन आम्ही कधीची घेऊन ठेवली होती. जेवणाच्या टेबलावर माझा जुना ड्रॉइंग बोर्ड मांडला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा कपटा समोर न ठेवता नकाशा काढला. लाल दगडाचं जोतं, कुडाच्या भिंती, वर देशी कौलं, छप्पर चारी बाजूंनी हातभर जास्तच पुढे काढलेलं, म्हणजे भिंतीला पाऊस लागायला नको. दक्षिणेला लांब ओटा. मधली खोली रिकामी. तिथं कपाट नाही, सोफा नाही, टीव्ही नाही. संडासाचं दार कुठं उघडावं यावर मी दोन दिवस घालवले, आणि ते दोन दिवस फार सुखाचे होते.

नवऱ्याला सांगितलं, आपण जपानी पद्धतीचं घर बांधू. कुड हा शब्द मी तोंडातून काढला नाही. कुड म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. जपान म्हटल्यावर तो खुर्चीत पुढे सरकून बसला. जपानी माणसाची शिस्त यावर तो अर्धा तास सहज बोलू शकतो. कारखान्यात त्याचं काम माल तपासायचं. ओतीव लोखंडाचा तुकडा हातोडीनं वाजवून, नुसत्या आवाजावरून आत पोकळ आहे की भरीव हे तो सांगायचा. माठ घेतानाही दुकानदाराला वीट येईपर्यंत वाजवतो. तर मी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलले. नॅचरल मटेरियल म्हटलं, सस्टेनेबल म्हटलं. आठवड्याभरात त्यानं सगळ्या मित्रांना सांगून टाकलं, आमचं जपानी घर होतंय.

भिंती बांधल्या त्या गावातल्या एका बाईनं. माझ्याच वयाची, लहानखुरी, लिंपणकामात तिचा हात धरणारं त्या भागात कुणी नाही. मी काळी माती काढून ठेवली होती ती तिनं पायानंच बाजूला केली. "काली मिट्टी फूलती है दीदी, सूखेगी तो फटेगी।" नाल्याकाठची पिवळी माती आणवली, गव्हाचा भुसा घातला, पंधरा दिवस ओली ठेवून रोज तुडवली. मला नकाशा येत होता, माती तिला येत होती. सरकत्या दारांना जपानसारखा कागद लावला असता तर माकडांनी दोन दिवस ठेवला नसता, म्हणून चौकटींत जाड खादी ताणली. पश्चिमेच्या उन्हाच्या बाजूला जपानी लोक लावतात तशा भाजून काळ्या केलेल्या फळ्या लावायच्या होत्या. सुताराला सांगितलं तर तो हातच लावेना. "लकड़ी तो मुर्दे के साथ जलाते हैं, मैडम। घर में कौन लगाता है?" शेवटी नवऱ्यानं बाह्या सरसावून स्वतः फळ्या भाजल्या. कुठली फळी किती मिनिटांत किती काळी झाली ते वहीत टिपून ठेवलं. संध्याकाळी दोघांचीही तोंडं काजळीनं माखली होती. मला वाटलं, जमलं. आता हे घर दोघांचं झालं.

मग फाल्गुनात नागपूरहून माझ्या थोरल्या जावेचा व्हिडिओ कॉल आला. मी हौसेनं फोन फिरवून घर दाखवलं.

"काय गं, मातीचं घर बांधून राहिली का तू?" जाऊबाई म्हणाल्या. "इकडे लोकं मातीतून पक्क्यात येऊन राहिले, अन् तुम्ही इंजिनियर माणसं मातीत चालले?"

मागून माझ्या दिरांचं हसणं ऐकू आलं. मीही हसले. नवरा हसला नाही, उठून बाहेर गेला. अक्षय तृतीयेला वास्तुशांत ठरली होती आणि ते दोघं येणार होते. त्यानंतर आठवड्याभरातच मी बहिणीकडे गेले आणि मग फाटकातलं ते सरप्राइज.

"अगं, आतून जाळी मारलीय," तो समजावत होता. "वॉटरप्रूफिंग घातलंय. बाहेरचं पाणी आत शिरायचं नाव नाही."

"भिंत अजून आतून ओली आहे! ते पाणी कुठून बाहेर जाणार?"

"तू नकाशे काढलेस," तो अगदी शांतपणे म्हणाला, "मी मटेरियल तपासलंय."

हे वाक्य मी विसरलेले नाही. साहेब लोक ट्रेस करा म्हणायचे, तेव्हा निदान पगार तरी मिळायचा. इथं माझं घर, माझा नकाशा, आणि उंटावरचा शहाणा माझ्याच घरात निघाला. वर तो म्हणतो, "तुझ्यासाठीच केलं ना." माझ्यासाठी करायचं होतं तर नागपूरला फोन होता की. रोज रात्री जेवलीस का म्हणून विचारत होता, तेव्हा हे विचारायला काय जीभ जड झाली होती?

मी त्याच दिवशी छिन्नी घ्यायला हवी होती. घेतली नाही. वास्तुशांत तोंडावर आलेली, पाहुण्यांची तिकिटं निघालेली. चार माणसांत शोभा नको म्हणून गिळलं. आमच्या पिढीच्या बायकांचं हेच होतं, सगळं चार माणसांच्या हवाली.

वास्तुशांत झाली. जाऊबाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान केलं गं. वाटतच नाही मातीचं!" नवऱ्याचा चेहरा असा फुलला की मला पुरीचं लाटणं फेकून मारावंसं वाटलं. लिंपणारी बाईही जेवायला आली होती. तिनं भिंतीला तळवा लावला आणि ओट्यावर बसून जेवली. हात धुताना मला म्हणाली, "दीदी, भीतर भूसा सड़ेगा। पूछ तो लेते।"

"मी इथं नव्हते," मी तिला हिंदीत सांगितलं.

"साहब तो थे," ती म्हणाली आणि ताट घासायला घेऊ लागली. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं.

पावसाळ्यात मधल्या खोलीत वास येऊ लागला. भिजत घालून विसरलेल्या पोत्याचा येतो तसा. मी म्हटलं की नवरा म्हणायचा, रंगाचा वास आहे, नवीन आहे अजून. मग एक दिवस मी गावातल्या बाजारातून आले तर त्या रिकाम्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला लागून, क्वार्टरातलं लोखंडी कपाट उभं. माझी रिकामी खोली! "तुझ्याच साड्यांना बरं," तो म्हणाला. दोन माणसं बोलावून उचलून ठेवलं होतं. मी चार दिवस बोलले नाही त्याच्याशी. मला वाटलं, भांडण नुसतं कपाटाचं आहे.

नवरात्राच्या आधी घर झाडायला काढलं. तो भाजी आणायला गेला होता. मी कपाटातलं सामान काढलं, पाठ लावून ते तिरकं सरकवलं आणि मागं बघितलं. भिंत फुगली होती. पोळी तव्यावर फुगते तशी, चांगली परातीएवढी. आणि त्या फुगवट्याभोवती खडूनं वर्तुळ काढलेलं. त्याच्या बाहेर दुसरं. त्याच्या बाहेर तिसरं. प्रत्येकाजवळ बारीक, सुवाच्य अक्षरात तारीख आणि खाली त्याची आद्याक्षरं. कारखान्यात खराब मालावर तो करायचा तशीच खूण, सहीसकट.

म्हणजे त्याला माहीत होतं. दोन महिने माहीत होतं. मी घरात नसताना तो कपाट सरकवून भिंत वाजवत होता, पोकळ आवाज कुठवर गेला ते मोजत होता, खूण करत होता आणि परत कपाट लावत होता. ज्या माणसानं आयुष्यभर सुईच्या टोकाएवढ्या भोकासाठी लोकांचा माल परत पाठवला, त्यानं माझ्या घरातली एवढी मोठी खोट कपाटामागं दडवली! सिमेंट फासलं ते मी मूर्खपणा म्हणून एक वेळ सोडलं असतं. हे मी कशात घालू?

मी लिंपणाऱ्या बाईला निरोप पाठवला आणि तिची वाटही न बघता हातोडी घेतली. दोन घावांत सिमेंटचा पापुद्रा जाळीसकट सुटला आणि त्याच्याबरोबर माती आली, सैल झालेल्या कणकेसारखी. आत भुसा काळा पडलेला, कामट्यांना वाळवी. वास असा की मी पदर तोंडाला लावला. बाई आली, खाली बसून मातीत बोटं घालून बघू लागली. मग नवरा आला, हातात भाजीची पिशवी. दारातच थांबला.

"ही सही कुणाची?" मी खडूच्या वर्तुळाचा उरलेला तुकडा त्याच्यासमोर धरला.

त्यानं तुकड्यावरची तारीख वाचली.

"दोन महिने! दोन महिने तुम्ही माझ्यासमोर बसून जेवलात!"

"सांगणार होतो," तो म्हणाला. "दुरुस्त करून मग सांगणार होतो."

"कशानं दुरुस्त करणार होता? आणखी सिमेंटनं?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. आणि मग त्याचाही आवाज चढला, जो सहसा चढत नाही. "पहिल्या दिवशी माती म्हणाली असतीस तर मी तेव्हाच नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही म्हटलं मी!"

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. ताकाला जाऊन भांडं मीच लपवलं होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात भिंत कशाची हवी हे नवऱ्याला सांगायला मला जपानवरून फिरून यावं लागलं होतं. पण त्यानं राग कमी झाला नाही, उलट वाढला. असं का यावं लागलं मला? सरळ सांगायची सोय का नव्हती?

दसऱ्याला दीर आणि जाऊबाई चार दिवस राहायला येणार होते, याच खोलीत. "लावा फोन नागपूरला," मी म्हणाले. "आत्ता. सांगा त्यांना, भिंत मातीची आहे, तुम्ही तिच्यावर सिमेंट मारलं आणि ती सडली. येऊ नका म्हणावं."

त्यानं फोन लावला. जाऊबाईंनी उचलला. "वहिनी," तो म्हणाला, "जरा... थोडं सीपेज निघालंय. बांधकामवाल्यानं गडबड केली."

बांधकामवाल्यानं! मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. एवढ्या जोरात की त्याच्या बोटाला नख लागलं.

"काय झालं गं?" जाऊबाई पलीकडून विचारत होत्या. "ती माती ढासळली का? मी म्हटलंच होतं."

मी तोंड उघडलं. हो वहिनी, मातीची आहे, कुडाची आहे, माझ्या आईच्या घरची होती तशी, आणि मातीनं काही केलेलं नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. समोर फोडलेली भिंत होती, हातात अजून हातोडी होती, अंगात एवढा संताप होता.

"नाही हो वहिनी," मी म्हणाले, आणि हसले सुद्धा. "जपानी पद्धतीचं आहे ना घर, त्याचं मेंटेनन्स असंच असतं."

मी फोन ठेवला. बाईला मराठी येत नाही, पण 'जपानी' हा शब्द बांधकामाचे सहा महिने ऐकून ऐकून तिला पाठ झाला होता. ती मातीतून हात काढत उठली. तिचं स्वतःचं घर तिथून दिसतं, नाल्यापलीकडे, पिवळ्या भिंतींचं.

"दीदी," ती म्हणाली, "मिट्टी बोल देतीं तो क्या चला जाता?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्यावर ओरडायला मला आता तोंड उरलं नव्हतं.